महिनाभराची फुकट चाखणी आणि बारा महिन्यांचा ऊस



आपल्या कार्यक्षेत्रात सध्या एक नवाच विषय पारावर आणि गटकार्यालयात चर्चेला आला आहे. मोबाईलवरून ऊसपिकाचा सल्ला देणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी गावोगाव फिरत आहेत. उपग्रहावरून तुमच्या वावराचे चित्र दाखवू, पाऊस केव्हा येणार ते सांगू, ओलित कधी करायचे, खताचा हप्ता कधी द्यायचा, कीड कोठे लागली, हे सर्व घरबसल्या कळवू, असे ते सांगतात. या सेवेला एकरी वार्षिक वर्गणी आहे. पण सुरुवातीचे तीस दिवस एक पैसा द्यावा लागत नाही. पटले तर पुढे वर्गणी भरा, नाहीतर सोडून द्या, असा त्यांचा सांगावा आहे.

यांपैकी एका कंपनीने कारखान्यापुढेही प्रस्ताव ठेवला आहे. सर्व ऊस उत्पादक सभासदांची खाती कारखान्याने यादी देऊन एकदम चालू करावीत, पहिला महिना फुकट राहील, आणि त्या मुदतीत ज्या सभासदाने "मला नको" असे कळवले नाही त्याची वर्गणी ऊस बिलातून कपात करून कंपनीकडे भरावी, असा तो प्रस्ताव आहे. निर्णय संचालक मंडळाचा आणि शेवटी सर्वसाधारण सभेचा आहे. मी येथे जे लिहितो आहे ते कारखान्याचे धोरण नव्हे. रोज तुमच्या धुऱ्यावर येणारा माणूस म्हणून हे माझे मत आहे. सभेत येण्यापूर्वी सभासदांनी या गोष्टीचा चारही बाजूंनी विचार करावा, एवढाच हेतू.

घ्याले काय जाते?

या विषयावर सभासदांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, "साहेब, फुकट देऊन राह्यले तं घ्याले काय जाते आपलं?" दुसरा म्हणतो, "पयले फुकट देते अन् मंग गळ्याले धरते. नकोच ते." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघेही अर्धेच बोलतात. विकत द्यायची सेवा आधी फुकट वापरायला द्यावी की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर "द्यावी" असेच आहे. मात्र ती चाखणी पिकाच्या मापाची असली पाहिजे, दुकानदाराच्या मापाची नव्हे. आणि चाखणी संपल्यावर गप्प बसणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक समजू नये. माझे सगळे म्हणणे या दोन वाक्यांत आहे.

चाखणी ही आपलीच रीत

आधी करून पाहायचे, मग पैसा घालायचा, ही काही मोबाईल कंपन्यांनी काढलेली टूम नाही. शेती विस्ताराचे सगळे काम याच पायावर उभे आहे. १९०३ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातील टेरेल या गावी सीमन नॅप नावाच्या कृषी विस्तारकाने पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात नव्या पद्धतीचे प्रात्यक्षिक घ्यायचे ठरवले. सरकारी फार्मवर काहीही चांगले येते, असे तिथलेही शेतकरी म्हणत. म्हणून वावर शेतकऱ्याचे, कष्ट शेतकऱ्याचे, आणि नुकसान झाले तर ते भरून देण्यासाठी गावातील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून आधीच निधी बाजूला ठेवला. पोर्टरला नुकसान झाले नाही, उलट फायदा झाला, आणि ती पद्धत पुढे देशभर पसरली. यात शिकण्याची गोष्ट अशी की, त्या प्रयोगाची जोखीम शेतकऱ्याच्या डोक्यावर नव्हती आणि त्याचा निकाल हंगाम संपल्यावर लागला.

आपल्याकडे उसाच्या जातींचेही तसेच झाले. को ८६०३२ म्हणजे 'नीरा' ही जात महाराष्ट्रात १९९६ मध्ये प्रसारित झाली, फुले २६५ ही २००७ मध्ये. फुले २६५ क्षारपड जमिनीत बरी तग धरते, हे कागदावर लिहिलेले होते. पण खारपाणपट्ट्यातला कास्तकार कागद वाचून बेणे घेत नाही. शेजाऱ्याच्या वावरात लागण उभी राहिलेली पाहिली, काट्यावर तिचे वजन झालेले पाहिले, मगच त्याने स्वतःच्या वावरात दोन सऱ्या लावल्या. त्या दोन सऱ्या हीच आपली फुकट चाखणी होय.

व्यापारी मंडळींनाही ही रीत जुनीच ठाऊक आहे. १९३०च्या दशकात चहाचा खप वाढावा म्हणून चहाच्या मंडळाने देशात बाजारांत, रेल्वे स्टेशनांवर चहा करून लोकांना फुकट पाजला होता. आज वऱ्हाडात पाहुण्याला चहा विचारला नाही तर तो रागावतो. चाखणीत किती ताकद असते ते यावरून समजावे. ही ताकद चांगल्या मालालाही मिळते आणि वाईट मालालाही मिळते, म्हणून तिला नियम हवेत.

जिओचे उदाहरण

आपणा सर्वांच्या आठवणीतले मोठे उदाहरण जिओचे आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी ती सेवा सुरू झाली आणि डिसेंबरअखेरपर्यंत सर्व काही फुकट होते. पुढे नव्या नावाने ती सवलत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवली. सुमारे सहा महिन्यांत दहा कोटींवर लोकांनी कार्डे घेतली. त्यानंतर ९९ रुपयांचे सभासदत्व आणि महिन्याचा रिचार्ज सुरू झाला. तेव्हा पहिल्या मुदतीत सुमारे ७.२ कोटी लोकांनी ९९ रुपये भरले.

या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहावे. एक तर ही चाखणी खरी होती. सहा महिने म्हणजे पावसाळ्याचा शेवट, हिवाळा आणि उन्हाळ्याचे तोंड. आपल्या गावात रेंज येते की नाही, वावरात बोरजवळ फोन लागतो की नाही, हे प्रत्येकाला स्वतः पाहता आले. पुढे पैसे भरले नाहीत तर सेवा बंद पडत असे, पण कोणाच्या खात्यातून न विचारता पैसे कापले गेले नाहीत. त्यातून इंटरनेट स्वस्त झाले आणि आज आपण बाजारभाव मोबाईलवर पाहतो, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

दुसरी बाजू अशी की, एवढा मोठा काळ फुकट देणे ज्याची थैली मोठी त्यालाच परवडते. पुढच्या दोन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा बंद केली, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आल्या. निवडीला कंपन्या कमी उरल्या. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच सुमारास दर वाढवले, तेव्हा कास्तकाराला जायला दुसरे दार फारसे राहिले नव्हते. म्हणून फुकट मिळते आहे तोवर "पुढे दर किती?" हे विचारून ठेवावे, आणि ते लेखी घ्यावे.

तीस दिवसांत ऊस कळत नाही

आता उसाकडे येऊ. सुरू ऊस बारा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा, आडसाली त्याहून अधिक. या मुदतीतल्या कोणत्या तीस दिवसांत तुम्ही सल्ल्याची पारख करणार? जानेवारीत लागण केली आणि फेब्रुवारीत चाखणी घेतली, तर उगवण दिसेल. फुटवा, मोठी बांधणी, पावसाळ्यातली वाढ आणि पक्वता यांतले काहीच दिसणार नाही. सिनेमा दाखवणाऱ्या सेवेला दोन दिवस पुरतात. नेटफ्लिक्सने ५ व ६ डिसेंबर २०२० असे दोन दिवस आपल्या देशात सर्वांना फुकट दार उघडले होते, आणि त्यासाठी कार्डाचा नंबरही मागितला नव्हता. सिनेमा दोन तासांत कळतो. ऊस मात्र वजनकाट्यावरच कळतो.

उपग्रहाच्या चित्राचे थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रतिनिधी मंडळी सर्वांत आधी तेच दाखवतात. अशा अनेक सेवा ज्या युरोपीय उपग्रहांची चित्रे वापरतात त्यांचे नाव सेंटिनेल-२. ही चित्रे साधारण दर पाच दिवसांनी मिळतात आणि मूळ चित्रे जगात कोणालाही मोफत आहेत. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची दहा मीटर बाय दहा मीटर जागा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. एका एकराचे चाळीस ठिपके झाले. यातून वावराचा कोणता कोपरा पिवळा पडतो आहे ते कळते, आणि ते उपयोगाचे आहे. पण एका गुंठ्यातल्या दहा बेटांना खोडकीड लागली तर ती त्या एका ठिपक्यात बुडून जाते. तिथे आपलाच पाय वावरात पडला पाहिजे.

दुसरे असे की, ही चित्रे उजेडात काढलेली असतात. ढग आले की वावर झाकले जाते. एप्रिल-मे महिन्यात चाखणी दिली तर आभाळ मोकळे असते आणि चित्र आरशासारखे येते. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे उसाची जोमाची वाढ चालू असताना आणि सल्ल्याची खरी गरज असताना, आठवडेच्या आठवडे स्वच्छ चित्र मिळत नाही. उन्हाळ्यात चाखून पावसाळ्याची वर्गणी भरणे म्हणजे पाडव्याला नदीला उतार पाहून पोळ्याला बैलगाडी घालण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. अमरावती-अकोल्याची भारी काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मातीतला ओलावा मोजणारे यंत्र मातीला घट्ट चिकटून बसले तरच बरोबर आकडा देते. त्याच्या कडेने भेग पडली की माती आणि यंत्र यांच्यामध्ये हवा शिरते आणि आकडा खोटा येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीत ओल असूनही पीक सुकते, कारण क्षारांमुळे मुळांना ते पाणी ओढता येत नाही. दुसऱ्या भागातल्या जमिनीवर बसवलेला हिशेब इथे जसाच्या तसा चालेल, असे कोणी धरून चालू नये. चालणारच नाही असेही मी म्हणत नाही. इथे लावून, इथे मोजून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी तीस दिवस पुरत नाहीत.

गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे

कंपनीच्या प्रस्तावातली जी अट मला सर्वांत अधिक खटकते ती हीच. ज्याने "नको" म्हटले नाही त्याने "हो" म्हटले, असे त्यात धरले आहे. आपले सभासद कोण आहेत याचा विचार करा. कित्येकांचे मोबाईल मुलाच्या हातात असतात. सातबारा आणि शेअर भगिनींच्या नावे, पण ओटीपी जातो मुलाला किंवा पुतण्याला. कोणी पऱ्हाटीच्या वेचणीत गुंतलेला, कोणी संत्र्याच्या बहारात. अशा माणसाने महिन्याच्या आत एका ॲपमध्ये जाऊन नकाराचे बटण शोधावे ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि विसराळूपणावर ज्याचा धंदा चालतो तो धंदा सरळ नव्हे.

या बाबतीत सरकारचे नियमही आता आहेत, ते सभासदांना ठाऊक असावेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत आणि एक प्रकार वर्गणीच्या सापळ्याचा आहे. वर्गणी बंद करण्याचा मार्ग लपवणे किंवा किचकट करणे हे त्यात येतेच. पण फुकट सेवेसाठी सुद्धा आधी पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप कपातीची परवानगी सक्तीने घेणे हेही त्याच सापळ्यात मोजले आहे. म्हणजे "फुकट आहे, फक्त कार्डाचा नंबर टाका" असे कोणी म्हणाले, तर पहिली शंका तिथेच घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या कपातीला आणखी एक आवर घातला. कार्डावरून किंवा यूपीआयवरून अशी वर्गणी कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी खातेदाराला कळवले पाहिजे आणि त्याला ती थांबवता आली पाहिजे. आता याच्याशी आपल्या प्रस्तावाची तुलना करा. ऊस बिलातील कपातीला बँकेचा असा मेसेज येत नाही. बिलाची पावती हातात पडते तेव्हा पैसे कापून झालेले असतात. सोसायटीचे कर्ज, बेणे-खतांची उधारी, भागाचे हप्ते अशा कपाती सभासदाने मान्य केलेल्या असतात आणि तरीही बिलाच्या दिवशी गटकार्यालयात किती बोलाचाली होतात ते आपण जाणतो. त्यात न मागितलेल्या सेवेची ओळ घालू नये. बँकेपेक्षा सहकारी कारखान्याने आपल्या सभासदाची काळजी कमी घ्यावी, हे शोभत नाही.

फुकटाचे मोल दुसरीकडे

काही न देता काही मिळत असेल तर आपण काय देतो आहोत ते शोधावे. २०२५ मध्ये देशात अशा सवलतींचा पूरच आला. जुलैमध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवेचे सशुल्क खाते एक वर्ष फुकट दिले. ऑक्टोबरअखेर जिओने गूगलच्या जेमिनीचे अठरा महिन्यांचे खाते देऊ केले. ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीची 'गो' ही सेवा भारतात वर्षभरासाठी फुकट खुली झाली. आपल्या घरची मुले ही वापरतात, त्यातून अभ्यासही करतात, आणि वडिलांना फवारणीचे औषधही विचारून सांगतात. एवढ्या मोठ्या कंपन्या एवढे मोठे दान का करतात? लोकांना सवय लागावी, आणि लोक काय विचारतात ते कळावे, म्हणून. हा व्यापार आहे. त्यात पाप नाही, पण तो ओळखून घ्यावा.

ऊस-सल्ल्याच्या खात्यात आपण काय देतो? गट नंबर, वावराच्या चतुःसीमा, लागणीची तारीख, जात, खत, बोरची खोली, अपेक्षित टनेज. हे सर्व एका ठिकाणी गोळा झाले की कोणत्या गावात किती ऊस केव्हा तयार होणार हे आपल्या शेतकी खात्याइतकेच बाहेरच्यालाही समजेल. औषधविक्रेत्याला, सावकाराला, दुसऱ्या कारखान्यालाही त्याचे मोल आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. पण कायद्याची वाट न पाहता करारात लिहून घेता येते की, चाखणी सोडली तर माहिती पुसून टाकावी आणि सभासदाच्या संमतीशिवाय ती कोणाला देऊ नये.

शिवाय सरकारी मोफत सेवा आहेतच, त्यांची तुलना करून पाहावी. भारतीय हवामान खाते आणि कृषी संशोधन परिषद यांचे 'मेघदूत' हे ॲप २०१९ पासून आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ सालापासून आहे. राज्य शासनाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे ॲप आणले. विकतची सेवा यांच्यापेक्षा जास्त काय देते, ते चाखणीतून दिसले पाहिजे. हवामानाचा तोच अंदाज रंगीत कागदात बांधून दिला असेल, तर त्याला वर्गणी कशाला?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

आता कंपन्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. ते म्हणतात, बारा महिने फुकट दिले तर आम्ही खायचे काय? यंत्र बसवायला माणूस लागतो, तो गावात येतो, त्याला पगार लागतो. हे खरे आहे. ते असेही म्हणतात की, एकाच घरात आज बापाच्या नावावर, पुढच्या महिन्यात आईच्या नावावर, मग नातवाच्या नावावर चाखणी घेतली जाते आणि वर्गणी कोणीच भरत नाही. हेही खोटे नाही. त्या फुकट्यांचा खर्च शेवटी जो प्रामाणिकपणे वर्गणी भरतो त्याच्याच डोक्यावर बसतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्यालाही लागू आहे.

तिसरा आक्षेप त्याहून वजनदार आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. जिवाणू खताचे फुकट पुडे उन्हात कोठीत पडून राहतात आणि पुढे "काही गुण आला नाही" असे सांगितले जाते, हे आपण पाहतो. ज्याने चार पैसे घातले तो सल्ला वाचतो, पाळतो आणि नंतर हिशेब मागतो.

या बाबतीत बारामतीची वाट पाहण्याजोगी आहे. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्राच्या मदतीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आधी आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या वावरांत करून पाहिला. पुढे २०२५ मध्ये वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने तो कारखान्यांपर्यंत नेण्याचे ठरले. हेक्टरी २५,००० रुपये खर्च धरून त्याची वाटणी केली: ९,२५० रुपये इन्स्टिट्यूटचे, ६,७५० कारखान्याचे आणि ९,००० शेतकऱ्याचे. म्हणजे फुकट नाही, पण सगळे ओझे शेतकऱ्यावरही नाही.

हिशेब आपण आपल्या पद्धतीने करू. हेक्टरी २५,००० म्हणजे एकरी १०,००० रुपये. त्यात शेतकऱ्याचा वाटा एकरी ३,६००. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता समजा टनाला २,७०० रुपये हातात पडले. तर शेतकऱ्याचा वाटा भरून निघायला एकरी सव्वा ते दीड टन ऊस जास्त यायला हवा, आणि सगळाच खर्च त्याच्यावर पडला तर पावणेचार टन. वाचलेले पाणी आणि वीज त्यातून वजा धरावी. कोणत्याही सेवेची वर्गणी याच तागडीत तोलून पाहता येते. किती टन वाढले की वर्गणी निघते, हा आकडा ज्याने काढला नाही त्याने चाखणी घेऊनही काही साधणार नाही.

मग काय करावे?

माझ्या मते प्रस्ताव सरसकट फेटाळू नये आणि जसाच्या तसा स्वीकारूही नये. पुढील अटींवर चाखणी घ्यावी.

(१) चाखणी लागणीपासून तोडणीपर्यंत असावी. सर्व सभासदांना महिनाभर देण्याऐवजी प्रत्येक गटात मोजके प्लॉट निवडून त्यांना पूर्ण हंगाम द्यावी. कंपनीचा खर्च तेवढाच राहील आणि पारख मात्र खरी होईल. प्लॉट निवडताना काळी भारी, मध्यम आणि खारपाणपट्ट्यातली अशा तिन्ही जमिनी घ्याव्यात.

(२) प्रत्येक प्लॉटचे दोन भाग करावेत. जात एक, लागणीची तारीख एक. अर्ध्यात सेवेचा सल्ला, अर्ध्यात सभासदाची नेहमीची वहिवाट. दोन्ही भागांचा ऊस वेगळा तोडून काट्यावर वेगळा तोलावा. पाण्याच्या पाळ्या आणि खताच्या गोण्या लिहून ठेवाव्यात.

(३) सल्ल्यानुसार वागून उत्पादन घटले तर त्या तुटीची काही भरपाई कंपनी व कारखाना यांनी मिळून द्यावी. टेरेलच्या गावकऱ्यांना १९०३ साली जे सुचले ते आपल्याला अवघड नाही.

(४) प्लॉटधारक सभासदाने नाममात्र रक्कम भरावी आणि नियमाने नोंदी ठेवाव्यात. नोंदी पूर्ण असल्यास ती रक्कम हंगामाअखेर परत द्यावी. त्यामुळे फुकटाची हेळसांड होणार नाही.

(५) मुदत संपली की खाते आपोआप बंद पडावे. पुढे ज्याला हवे त्याने स्वतः सही करून मागणी द्यावी. सहीशिवाय ऊस बिलातून एक रुपयाही कापू नये. शेअर ज्याच्या नावे त्याचीच सही हवी.

(६) चाखणीनंतरचा दर किमान तीन हंगामांसाठी आधीच लेखी ठरावा. माहितीची मालकी सभासदाची राहील हे करारात यावे.

(७) सर्व प्लॉटचे निकाल, चांगले आणि वाईट दोन्ही, गाववार याच अंकात छापावेत. शेजाऱ्याच्या वावरातला आकडा सभासदाला प्रतिनिधीच्या भाषणापेक्षा जास्त समजतो.

या अटी मान्य करणारी कंपनी आपल्या मालावर विश्वास ठेवणारी समजावी. ज्याला आपल्या सल्ल्याने ऊस वाढेल अशी खात्री आहे तो काट्याला भिणार नाही. जो फक्त तीस दिवस आणि न मागता कपात एवढ्यावरच अडून बसेल, त्याला नम्रपणे नमस्कार करावा.

वऱ्हाडात ऊस ही सोपी शेती नाही. पाणी मोजके, वीज रात्रीची, जवळपासचे किती कारखाने बंद पडले ते आपण पाहिले आहे. अशा वेळी नवीन ज्ञानाला दार लावून बसणे आपल्याला परवडणार नाही, आणि त्या दारातून कोणी न विचारता खिशात हात घालावा हेही परवडणार नाही. सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा सभासदांनी आपल्या शंका लेखी आणाव्यात, आणि ज्यांना आपल्या वावरात प्लॉट द्यायचा आहे त्यांनी गटकार्यालयात नाव नोंदवावे. नाव नोंदवले म्हणजे वर्गणी लागू झाली, असे मात्र कोणीही समजू नये.

— ऊस विकास अधिकारी